शिवणीची फळी आणि पुढचं जहाज

पाहुणे आले की मी त्यांना तीन गोष्टी आधीच सांगून टाकत असे. मागच्या दारी विंचू निघतात, रांजणातलं पाणी उकळलेलं नाही, आणि छपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, खाली बघून चालायचं, कारण तिथं आरमार आहे. पहिल्या दोन गोष्टींना पाहुणे मान डोलावत. तिसरीला हसत. मग आत जाऊन बघून येत आणि माझ्या यजमानांकडे जरा निराळ्या नजरेनं पाहत.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. यजमान अहेरीजवळच्या लाकडाच्या डेपोवर होते. जंगलातून बैलगाड्यांनी ओंडके येत, हे टेपनं त्यांची लांबी आणि गोलाई मोजत आणि डांबरानं नंबर घालत. मुलं नागपूरला शिकायला होती. पावसाळ्यात नाले भरले की रस्ता बंद, गाड्या बंद, टपालसुद्धा लहर लागली तर येणार. अशा वेळी लोक पत्ते कुटतात. आमच्या वाट्याला दवाखान्याचे डॉक्टर आले होते, म्हणून आम्ही समुद्री लढाया खेळलो.

डॉक्टर महायुद्धात नौदलात होते. बंदरात अडकून पडलेल्या अधिकाऱ्यांकडून ते हा खेळ शिकले होते आणि जगातल्या लढाऊ जहाजांची चित्रं आणि मापं असलेलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक बरोबर घेऊन आले होते. खेळ सांगायला सोपा आहे. पन्नास फुटांना एक इंच या हिशेबानं लाकडाची जहाजं कोरायची आणि ती जमिनीवर मांडायची. जमीन म्हणजे समुद्र. आपली पाळी आली की जहाज ठरलेल्या वेगाइतकं पुढे सरकवायचं, मग शत्रूच्या दिशेनं कागदी बाण ठेवायचा आणि अंतर किती इंच ते नुसत्या नजरेनं सांगायचं. त्यानंतरच टेप लागतो. सांगितलेल्या इंचावर काडी उभी करायची. काडी जहाजाला टेकली तर गोळा लागला, नाहीतर पाण्यात पडला. ठरावीक गोळे लागले की जहाज बुडालं.

खेळणारे तिघं. यजमान, डॉक्टर आणि बाजारातल्या कापडाच्या दुकानाचे शेठ. शेठ नमाज आणि दुकान सोडलं तर कशासाठी वेळेवर येत नसत, पण रविवारी दुपारी तीनला आमच्या छपरीत हजर. अंतर मोजायची तिघांचीही आपापली तऱ्हा होती. यजमान समोर ओंडका पडलाय असं धरून फूट सांगत आणि मग इंच करत. शेठ हवेत कापड धरल्यासारखे दोन्ही हात फाकवून मोजत. डॉक्टर एक डोळा मिटून जो आकडा सांगत, तो ऐकून शेठ म्हणत, "डॉक्टरसाब, हे अंतर हाय का दवाईचा डोस?"

आणि चौथी मी. टेप माझ्याकडे. दोन वर्षं मी गुडघ्यांवर रांगत त्या समुद्रातून फिरले. "चार इंच कमी." "दोन इंच पुढे." "लागला." मध्येच उठून चहा. परत आले की पुन्हा रांगायचं. तक्रार म्हणून सांगत नाही, मला ते आवडायचं. फक्त एवढंच, की टेप लावायच्या आधीच उत्तर बहुतेक वेळा मला ठाऊक असायचं, आणि ते कुणी विचारत नव्हतं.

तिघांच्या खेळात एक अडचण होती. दोघं एकीकडे आणि एक एकटा. एकटा हरायचा आणि पुढचा आठवडाभर फुगून बसायचा. पोस्टमास्तरांना एकदा बसवून पाहिलं. काडी नेमकी कुठं पडली यावर त्यांनी इतका वाद घातला की अर्ज करून वरच्या कचेरीत पाठवायचं तेवढं बाकी राहिलं. शेवटी दिवाळीनंतर डॉक्टरच म्हणाले, "आपण उगाच गावभर शोधतोय. पुढचं जहाज होईल त्याच्या कप्तान वहिनी."

यजमान म्हणाले, "चालते." शेठ म्हणाले, "मंजूर." मी म्हटलं, "बघू," आणि आत जाऊन स्वयंपाकघरातल्या पाटीवर, तूरडाळ आणि रॉकेलच्या खाली, लिहिलं: जहाज.

आता पुढचं जहाज ही काही बाजारातून आणायची वस्तू नव्हती. आमची जहाजं शिवणीच्या लाकडाची. सागानं हात फुटतात, शिवण हलकी, सरळ रेषेची, आणि पटाशीखाली लोण्यासारखी कापली जाते. पण ती वाळलेली हवी. ओल्या लाकडाचं जहाज केलं तर पहिल्याच पावसाळ्यात नाक वर करून पिळतं. लिलावात घेतलेल्या शिवणीची एकच फळी माळ्यावर वाळून तयार होती. हातभर लांब, चार बोटं रुंद. पुढची फळी वाळायला आणखी वर्ष-दोन वर्षं. म्हणजे काय करायचं ते एकदाच ठरवायचं होतं.

मी पाटीवर रकाने आखले. कोरायला किती संध्याकाळी लागतील. तोफा बसवायला डॉक्टरांचा हात किती लागेल, कारण बारीक काम तेच शस्त्रक्रियेच्या जुन्या सुरीनं करत. जहाजं ठेवायच्या पिठाच्या रिकाम्या डब्यात ते मावेल का. आणि शेवटचा रकाना, माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा: केल्यावर त्यात किती जण खेळतील.

होळी झाली, मोहाचा वास हवेत भरला आणि एका रविवारी बैठक बसली. यजमानांनी पुस्तक उघडून एका महाकाय बॅटलशिपवर बोट ठेवलं.

"हे," ते म्हणाले. "अख्खी फळी लागन, लागू दे. पण जहाज म्हणजे जहाज."

"अन् कप्तान?" शेठ म्हणाले.

"कप्तान हीच. मी बाजूले बसून सांगीन."

शेठ मोठ्यांदा हसले. "भाभी, आयकलं? जहाज तुमचं, हुकूम यांचा!" त्यांना स्वतःला विमानवाहू जहाज हवं होतं. वरून सपाट, म्हणजे कोरायची कटकट कमी, आणि दुकानातल्या पुठ्ठ्याची विमानं ते स्वतः कापणार होते. विमानं उडणार कशी, यावर त्यांचं उत्तर होतं, "फेकून."

 डॉक्टर मनापासून म्हणाले, "फळी तुम्ही दोघं वाटून घ्या. उरलेल्या तुकड्यात वहिनींसाठी इस्पितळ-जहाज करू. पांढरंशुभ्र, वर लाल क्रूस. त्याच्यावर कुणी गोळा टाकायचा नाही असा नियमच आहे."

"आणि त्यानं?" मी विचारलं.

"त्यानं काय?"

"त्यानं गोळा टाकला तर?"

"छे, त्याला तोफा नसतात. बुडालेल्यांना ते उचलून घेतं. गरम काही प्यायला देतं."

"म्हणजे तिथंही चहाच," मी म्हटलं.

शेठ इतके हसले की त्यांना ठसका लागला. डॉक्टर मात्र ओशाळले, कारण ते चांगले गृहस्थ होते. यजमान पुस्तकात बघत राहिले. तेव्हा मी म्हटलं, "तुम्ही निवांत ठरवा. मला नवं जहाज नको. मला शेंग द्या."

शेंग म्हणजे काय ते सांगायला हवं. आदल्या वर्षी डॉक्टर रजेवर गेले होते आणि पुस्तक आमच्याकडे ठेवून गेले होते. ते येईपर्यंत त्यांना चकित करायचं म्हणून यजमानांनी एकट्यानं एक क्रूझर करायला घेतली. पुस्तकात तिची दोन मापं दिली होती, एक सहाशे फूट आणि दुसरं साठ. आता वीस वर्षं ज्या माणसानं सकाळ-संध्याकाळ ओंडके मोजले, त्याला दोन मापं म्हणजे काय ते विचारायची गरज नसते. पहिलं लांबी, दुसरं गोलाई. यजमानांनी साठ फुटांची गोलाई धरली, तिचा हिशेब केला, दोरा घेतला आणि लाकडाभोवती गुंडाळून गुंडाळून तासलं. दोरा तंतोतंत जुळेपर्यंत तासलं. दुसरं माप रुंदीचं होतं. जहाज झालं फूटभर लांब आणि करंगळीएवढं जाड. तोफा ठेवायला गेले तर तोफा जहाजापेक्षा रुंद.

"शेवग्याची शेंग!" शेठ म्हणाले होते. "भाऊ, आमटीत टाका."

पण तोवर यजमानांनी तिच्या पोटावर डेपोच्या रीतीनं नंबर घालून ठेवला होता. ती डब्याच्या तळाशी पडून होती. मी महिन्यातून एकदा डबा आवरताना तिला पुसून ठेवी, आणि पुसताना एक दिवस माझ्या लक्षात आलं की काडी टेकायला या जहाजावर जागाच नाही.

"ते चुकीचं हाय," यजमान म्हणाले. "पुस्तकात तसं जहाज नाई."

"नंबर कोणी घातला?"

"मी घातला. पण—"

"डेपोत नंबर पडलेला ओंडका वाकडा निघाला तर तुम्ही नंबर पुसता?"

हे त्यांना लागलं. नंबर पुसणं म्हणजे डेपोतलं महापाप. ते म्हणाले, "तुले शेंग पायजे, घे शेंग. पहिल्या अर्ध्या घंट्यात बुडते."

"नाही बुडाली तर?"

"तर काय?"

"तर फळीचं काय करायचं ते मी ठरवणार."

यजमानांनी माळ्याकडे पाहिलं. फळी हा विषय थट्टेचा नव्हता. मग शेठच म्हणाले, "बराबर हाय. येत्या इतवारी भाभी अन् मी एकीकडे, तुमी दोघं एकीकडे. चहापर्यंत शेंग तरली, तर फळी भाभीची. बुडली, तर भाऊची बॅटलशिप."

"अन् ही पुन्हा टेपवर," यजमान म्हणाले.

"पुन्हा टेपवर," मी कबूल केलं. हसून म्हटलं, पण तो आठवडा माझा बरा गेला नाही. शनिवारच्या बाजारात वांग्यांसाठी गेले आणि वांगी न घेताच परत आले. दोन वर्षं रांगून मला जे येत होतं ते एकदा वापरून बघायचं होतं, आणि तो एकच रविवार हातात होता. हरले असते तर कुणी मला दुष्टपणानं बाजूला बसवलं नसतं. सगळ्यांनी प्रेमानंच बसवलं असतं, आणि त्यातून उठता येत नाही.

शनिवारी दुपारी नेहमीसारखी छपरी सारवली. दर शनिवारी मीच सारवत असे. मागे सरकत सरकत, उजव्या हाताची कमान, एका पट्ट्याला लागून दुसरा पट्टा. वाळल्यावर त्या कमानी अंगणातल्या उजेडात पुसट दिसतात. सारवणाऱ्या बाईला दिसतात म्हणा, इतरांना जमीन दिसते.

रविवारी शेठ वेळेआधी आले. टेप पोस्टमास्तरांकडे दिला होता. वाद घालायचा नाही, फक्त मोजायचं, या अटीवर. यजमानांनी आपली क्रूझर दाराकडून आणली, डॉक्टरांनी खिडकीकडून. माझी शेंग मध्ये, आणि मागे शेठांचं जुनं थोराड जहाज.

पहिला गोळा यजमानांचा. "चौऱ्याऐंशी इंच." पोस्टमास्तरांनी टेप लावला. काडी शेंगेच्या अलीकडे बोटभर पडली. पुढच्या पाळीला पलीकडे बोटभर. दुसरं कोणतंही जहाज असतं तर त्या दोन्हींपैकी एक गोळा लागायचाच. यजमानांचा अंदाज उत्तम होता, पण करंगळीवर काडी टेकवायला उत्तम पुरत नाही. मी एकच काळजी घेत होते, शेंग त्यांच्याकडे सतत आडवी ठेवायची. उभी झाली की संपलं, मग फूटभर लांबी त्यांच्या काडीला मोकळी.

त्या दोन गोळ्यांच्या मध्ये माझी पहिली पाळी आली. मी गुडघ्यांवर बसले आणि जमिनीकडे पाहिलं. यजमानांच्या क्रूझरपर्यंतचे पट्टे मोजले. माझ्या हाताचा एक पट्टा म्हणजे एक वीत, आणि माझी वीत आठ इंच, हे दोन वर्षांच्या टेपनं मला शिकवलं होतं. नऊ पट्टे आणि वर अर्धा.

"शहात्तर."

पोस्टमास्तर म्हणाले, "लागला."

"नशीब," यजमान म्हणाले.

पुढच्या पाळीला मी एकसष्ट म्हटलं. लागला. शेठांनी मांडीवर थाप मारली. "भाऊ, नशीब दोनदा आलं!"

"तू गोळा टाकून राह्यली का मोजून राह्यली?" यजमान माझ्याकडे बघत म्हणाले.

"दोन्ही," मी म्हटलं.

तेवढ्यात डॉक्टरांनी मला पकडलं. गप्पांत कुणाचं लक्ष नव्हतं आणि त्यांनी आपलं जहाज शांतपणे शेंगेच्या अगदी नाकासमोर आणलं होतं. यजमानांकडे आडवी म्हणजे डॉक्टरांकडे उभी. ते एक डोळा मिटून म्हणाले, "चाळीस," आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा डोस लागू पडला. काडी शेंगेच्या शेपटीवर. पुढच्या पाळीला पुन्हा. क्रूझर तीन गोळ्यांत बुडे. एक उरला.

"भाभी, वळा!" शेठ ओरडले.

वळले असते तर शेंग यजमानांना उभी मिळाली असती, आणि त्यांचा अंदाज डॉक्टरांसारखा नव्हता. मी वळले नाही. शेंग होती तशीच सरळ डॉक्टरांच्या अंगावर नेली, इतकी जवळ की पुढच्या पाळीला दोघांच्या मध्ये जेमतेम दोन पट्टे उरले. मला माहीत होतं की डॉक्टरांना लांबचं जमत नाही, पण जवळचं त्याहून जमत नाही. जवळ आलं की माणूस धास्तावून आकडा वाढवतो. दोन वर्षं मी त्यांचं प्रत्येक माप वाचलं होतं.

"तीस," डॉक्टर म्हणाले.

काडी शेंगेच्या शेपटीच्या पार पलीकडे, पाण्यात.

"सोळा," मी म्हटलं. लागला. शेठांनी आधीच दोन गोळे त्यांना घातले होते. डॉक्टरांनी आपलं जहाज स्वतःच उचललं, शेंगेला सलाम केला आणि म्हणाले, "आता इस्पितळ-जहाज मला द्या."

यजमानांनी त्यानंतर आणखी काही गोळे टाकले. अलीकडे, पलीकडे, एकदा तर काडी शेंगेला इतकी खेटून पडली की पोस्टमास्तर आडवे होऊन बघत राहिले. "हवा जाते मधून," ते शेवटी म्हणाले. आणि आतून स्टोव्हवरच्या दुधाचा वास आला. चहाची वेळ झाली होती.

यजमान उठले, माळ्यावर चढले, फळी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. धूळ पुसून ठेवली.

"सांग," ते म्हणाले. "पण आधी हे सांग, तुले आकडा दिसते कसा?"

मी जमिनीकडे बोट दाखवलं आणि पट्टे दाखवले. तिघंही वाकून बघायला लागले. यजमान या छपरीत दहा वर्षं जेवत होते. त्यांनी आपला पंजा एका कमानीवर ठेवून पाहिला, मग दुसरीवर.

"म्हणजे समुद्र तुयाच मापाचा," ते म्हणाले.

"भाभी," शेठ म्हणाले, "पुढच्या शनिवारी सारवण मी करतो."

"करा की. शेण गोठ्यात आहे."

मग मी पाटी आणली. बॅटलशिप केली असती तर फळी संपली असती आणि खेळणारा एक. विमानवाहू, तेच. शेवटच्या रकान्यात एकच नाव टिकत होतं: डिस्ट्रॉयर. लहान, अर्ध्या फुटाच्या आसपास. एका फळीत आठ बसत होत्या. चौघांना दोन-दोन.

"एवढुश्या?" यजमान पुस्तकातल्या आपल्या बॅटलशिपकडे बघत म्हणाले. "फळीचा चिवडा करून राह्यली तू."

"मोठं एक जहाज बुडालं की माणूस उरलेली दुपार भिंतीला टेकून बसतो," मी म्हटलं. "दोन असली की एक बुडालं तरी हातात काहीतरी राहतं. नुसतं दुसऱ्यांचा खेळ बघत कसं वाटतं ते मला विचारा."

 डॉक्टरांनी पुस्तकाची पानं उलटली आणि डिस्ट्रॉयरचं पान काढून दिलं. यजमानांनी पेन्सिल घेतली. "रुंदी सांगा," ते डॉक्टरांना म्हणाले. "रुंदी. गोलाई नाई."

आठही डिस्ट्रॉयर पावसाआधी झाल्या. टेप दाराजवळच्या खिळ्याला टांगला. ज्याचा गोळा त्यानं मोजायचा आणि शेजाऱ्यानं बघायचं. ज्याची दोन्ही जहाजं आधी बुडतील त्यानं चहा करायचा. सारवण पाळीपाळीनं. शेठांचे पट्टे कापडासारखे रुंद आणि सैल पडत, डॉक्टरांचे कुठं जाड कुठं पातळ, आणि दर शनिवारी समुद्राचं माप बदलायचं. माझा फायदा गेला. मला पुन्हा सगळ्यांसारखं डोळ्यांवर भागवावं लागलं, आणि मी अधूनमधून हरलेसुद्धा.

पण पहिल्या रविवारी यजमानांच्या दोन्ही डिस्ट्रॉयर सगळ्यांच्या आधी बुडाल्या. ते स्टोव्हपाशी गेले, बराच वेळ भांडी वाजली, आणि पेले आले. चहात गूळ फार झाला होता. मी तो पिऊन टाकला, पेला बाजूला ठेवला, माझा पुढचा कागदी बाण मांडला आणि म्हटलं, "बावन्न."